सुंठीला पिल्लं नकोत



मागच्या वेळी चातुर्मासातल्या बिनपाल्याच्या भाज्यांचा दुसरा भाग लिहीन म्हटलं होतं, तो आज राहू दे. आज मला थोडं भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं आहे त्या सगळ्या माझ्या ओळखीच्या, रविवारी स्वाध्यायाला मांडीला मांडी लावून बसणाऱ्या. रागावलात तर क्षमावणीला बघून घेऊ.

विषय आहे आमची सुंठी.

ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सुंठी म्हणजे माझ्या धाकट्या लेकीची, मनूची हॅमस्टर. मुठीएवढा जीव, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. मनूच्या नवव्या वाढदिवसाला तिच्या काकांनी खोक्यातून आणली. मला आधी विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणून तर विचारलं नाही. रंग तपकिरी, म्हणून मनू तिला 'आलं' म्हणणार होती. सासूबाई म्हणाल्या, कंदमुळाचं नाव दिवसातून पन्नास वेळा घरात नको. मग सुंठ झाली, सुंठेची सुंठी झाली. आम्ही सूर्यास्ताआधी जेवून ताटं घासून मोकळे होतो आणि बाईसाहेब तेव्हा डोळे उघडतात. आमच्या घरात रात्री जेवणारी ती एकटीच. राळं, ज्वारी, तिच्या खाण्याच्या गोळ्या, काकडीची फोड, कधी चिमूटभर पनीर. सगळं गालातल्या पिशव्यांत कोंबायचं आणि कोपऱ्यात नेऊन साठवायचं. परिग्रहावर प्रवचन द्यायचं असेल तर तिला समोर ठेवावं.

ती आली तेव्हा दोन महिन्यांची होती. आता एकोणीस महिन्यांची आहे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावर आहे. या जातीचा हॅमस्टर साधारण दोन वर्षं जगतो, फार तर तीन.

झालं असं, की मंडळातल्या एका वहिनींच्या मुलाकडे नर आहे. त्या हसत म्हणाल्या, "तुमच्या सुंठीला स्थळ आणलंय. एक रात्र पाठवून द्या आमच्याकडे." सगळ्या हसल्या. मीही हसले, हे कबूल करते. पण दुसऱ्या दिवसापासून ते हसण्यावारी राहिलं नाही. ग्रुपवर, देवळाच्या पायऱ्यांवर, फोनवर, जी ती मला सांगायला लागली. तिलाही आई व्हावंसं वाटत असेल हो. एकदा तरी ते सुख मिळू दे. एक जण, जिनं गेल्या वर्षी कर्मसिद्धांताच्या परीक्षेत पहिला नंबर काढला होता, ती म्हणाली, "तुम्ही तिला अडवताय म्हणजे अंतराय कर्म बांधताय." आणि एका अक्कांनी सरळ सुनावलं, "जीव यायचाय तर येऊ द्या. जन्माला आडवं जाणारे आपण कोण?"

मैत्रिणींनो, मी दोन आठवडे ऐकून घेतलं. आता माझं ऐका.

पहिल्यांदा देहाचं बोलू, धर्माचं नंतर. मी कोल्हापूरला जाऊन अशा लहान प्राण्यांना बघणाऱ्या डॉक्टर बाईंना विचारून आले. आपल्याकडे गाई-म्हशी बघणारे डॉक्टर पुष्कळ, कुत्र्या-मांजराचेही मिळतात. पण सव्वाशे ग्रॅमच्या जीवाला भूल देऊन पोट उघडणारे हात फार थोडे. हॅमस्टरची मादी दीड महिन्याची झाली की गाभण राहू शकते, आणि वर्षाची होईतो तिचे विणीचे दिवस सरत आलेले असतात. जाणकार पाळणारे वर्षाच्या पुढे मादीला नर दाखवत नाहीत. त्यानंतर पिल्लं कमी होतात, मेलेली जन्मतात, कधी अडकतात. अडकलं तर शस्त्रक्रिया, आणि ती या वयात, एवढ्या देहावर. बाई म्हणाल्या, "ताई, पिल्लं वाचतील की नाही ते सोडा. हिचं काय होईल याची तयारी ठेवून या." एकोणीस महिने म्हणजे माणसाच्या हिशेबात आजीचं वय. तुमच्यापैकी कोणी आपल्या सासूबाईंना बाळंतपणाचं सुख एकदा मिळू दे म्हणून बघाल का?

गाभणपण फक्त सोळा ते अठरा दिवसांचं. एवढ्या दिवसांत सहा, आठ, कधी बारा पिल्लं त्या देहातून बाहेर यायची. केस नाहीत, डोळे बंद, प्रत्येक दोन-तीन ग्रॅमचं. मग तीन आठवडे त्यांना दूध. हे सगळं कुठून काढायचं तिनं? तिच्या हाडांतून, तिच्या रक्तातूनच ना? गाभण मादीला उकडलेलं अंडं द्या, वाळवलेले किडे द्या, असं सांगणारे भरपूर भेटतात. आपल्या ओट्यावर? पनीर आणि डाळीवर भागवता येईल म्हणा, तेव्हा अंड्याच्या मुद्द्यावर मी अडून बसत नाही. कोणाला वाटेल मी सोवळेपणानं नको म्हणते आहे. तसं नाही.

आता त्या 'एका रात्री'बद्दल. वहिनींना वाटतं की दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं की संसार सुरू. हा प्राणी एकटा राहणारा आहे. रानात तो एकेका बिळात एकटा असतो. मादी चार दिवसांतून एकदा, तेही संध्याकाळनंतर काही तास, नराला जवळ येऊ देते. बाकी वेळी ती त्याच्यावर धावून जाते, चावते, रक्त काढते. नर पळायला जागा नसेल तर मरतोही. म्हणजे एका रात्रीच्या हौसेत तुमच्या मुलाचा नर मेला तर? त्या हिंसेची पावती कोणाच्या नावावर फाडायची?

आणि आईपणाचं सुख. या शब्दावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. घाबरलेली, दमलेली, भुकेली, पिंजऱ्याला सारखे हात लागून बिथरलेली हॅमस्टर आपली पिल्लं खाते. हो, खाते. मी हे तुम्हाला भीती घालायला लिहीत नाही, ही त्या जातीची रीत आहे, आणि म्हाताऱ्या मादीची अंगातली ताकद संपलेली असली की हे व्हायला वेळ लागत नाही. आज घराघरांत आणि प्रयोगशाळांत जे सोनेरी हॅमस्टर आहेत, ते जवळजवळ सगळे एकाच आईची संतती आहेत. १९३० मध्ये सीरियातल्या अलेप्पोजवळ इस्राएल अहारोनी नावाच्या जेरुसलेमच्या प्राणिशास्त्रज्ञानं शेतातलं बीळ खणून एक मादी आणि तिची अकरा पिल्लं बाहेर काढली. एका रोगावरच्या संशोधनासाठी ती हवी होती. खोक्यात घातल्यावर त्या आईनं आपल्या एका पिल्लाला मारलं. उरलेली तरी वाचावीत म्हणून त्या माणसांनी आईलाच विष देऊन मारलं आणि पिल्लं हातावर वाढवली. आमच्या सुंठीचं माहेर ते. पिंजऱ्यातल्या हॅमस्टरच्या मातृत्वाची पहिलीच गोष्ट अशी आहे, आणि आपण टाळ्या वाजवून दुसरी लिहायला निघालो आहोत.

एखाद्या सकाळी मनू उठून पिंजरा बघेल आणि काल आठ होती, आज पाच, कोपऱ्यात काहीतरी. तेव्हा मी तिला काय सांगू? मंडळातल्या काकूंनी तिच्या सुंठीला सुख दिलं म्हणून?

समजा, सगळं सुरळीत झालं. सुंठीही वाचली, आठही पिल्लं वाचली. चार आठवड्यांच्या आत नर-मादी वेगळे करायचे, नाहीतर भावा-बहिणींपासून पुढची पिल्लं. आणखी महिन्याभरात प्रत्येकाला वेगळा पिंजरा, कारण सख्खी भावंडंही एकमेकांना फाडतात. म्हणजे आठ पिंजरे, आठ चाकं, आठ पाण्याच्या बाटल्या, दर आठवड्याला आठ वेळा भुसा बदलायचा. कोण करणार? "देऊन टाकू" असं म्हणणाऱ्या सगळ्यांना मी विचारलं, तुम्ही किती घेणार? एकीनं एक घेईन म्हटलं, तेही दिवाळीनंतर, घराला रंग देऊन झाल्यावर.

आता माझं स्वतःचं सांगते, म्हणजे मी वरून बोलते आहे असं वाटणार नाही.

माझा थोरला पाठशाळेत जायचा तेव्हाची गोष्ट. बाजारातून दोन ससे आणले. विकणाऱ्यानं दोन्ही माद्या म्हणून दिले. महिन्याभरात सहा पिल्लं. मला वाटलं, वा, घरात लक्ष्मी आली. ससा व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, हे मला माहीत नव्हतं आणि मी कोणाला विचारलंही नाही. पुढच्या महिन्यात आणखी पाच. अकरा पिल्लं झाली तेव्हा मला एक कल्पना सुचली, आणि ती मी मंडळात मोठ्या थाटात मांडली. महावीर जयंतीच्या कार्यक्रमात पाठशाळेतल्या मुलांना बक्षीस म्हणून एकेक पिल्लू द्यायचं. बुटांच्या खोक्यांना भोकं पाडली, रिबिनी बांधल्या. आणि मी, मैत्रिणींनो, माइकवर त्याला 'अभयदान' म्हटलं. टाळ्या पडल्या.

दोन कुत्र्यांनी नेली. तीन जुलाबानं गेली, कारण कोणी नुसता कोबी घातला. एक गच्चीवरून पडलं. एका घरी वास येतो म्हणून शेतात सोडून दिलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत संपलं असणार. तिघांचं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारायला गेले नाही, कारण उत्तर नको होतं. एकच पिल्लू चांगल्या घरी पडलं, सहा वर्षं जगलं. अकरातलं एक. पंचेंद्रिय, मन असलेले जीव, आणि मी त्यांना खोक्यात घालून वाटले. दरवर्षी दशलक्षणात आलोचना करताना मला ती भोकं पाडलेली खोकी दिसतात. त्यामुळे 'देऊन टाकू' हा शब्द माझ्यासमोर पुन्हा कोणी काढू नका.

'विकता येतील' असंही एकीनं सुचवलं. श्रावकानं करू नयेत अशा पंधरा धंद्यांत जनावरांचा व्यापार येतो, हे आपण पोरांना पाठ करायला लावतो. कायद्याचंच म्हणाल तर पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारनं २०१८ मध्ये नियम केले, त्यात हॅमस्टरचं नाव घालून नोंदणी सक्तीची केली आहे. धर्मालाही नको, कायद्यालाही नको, तरी दोन पैसे सुटतील म्हणून करायचं?

आता धर्माकडे येते, कारण मला खरी टोचणी तिथं लागली.

अंतराय कर्माचा मुद्दा काढणाऱ्या ताईंना मी मान देते, त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त आहे. पण ताई, अंतराय म्हणजे जे दुसऱ्याला मिळत होतं त्यात विघ्न आणणं. सुंठीला इथं काय मिळत होतं? तिच्याकडे नर चालत येत नव्हता. तो आपण पिशवीतून आणणार होतो. विघ्नाचंच बोलायचं तर पहिलं विघ्न तो पिंजरा आहे. अहिंसाणुव्रताचे अतिचार मोजताना सुरुवात 'बंध' या शब्दानं होते, जीवाला बांधून, कोंडून ठेवणं. तो अतिचार माझ्या घरात एकोणीस महिन्यांपासून नाही म्हटलं तरी सतरा महिने रोज चालू आहे आणि मी तो नाकारत नाही. तिला रानात सोडलं तर ती मरेल, म्हणून ती इथं आहे. एका जीवाला कोंडल्याचं ओझं हलकं करायला आणखी आठ जीव कोंडायचे, हा कुठल्या शास्त्रातला हिशेब?

हिंसा फक्त हातानं होत नाही, करवून घेतलेली आणि 'चांगलं झालं' म्हणून मान डोलावलेलीही आपलीच, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे. कृत, कारित, अनुमोदना. नर आणून पिंजऱ्यात सोडला तर ते कारित. ग्रुपवर लाल बदाम पाठवणाऱ्यांची अनुमोदना. सुंठी मेली तर बदाम पाठवणाऱ्यांपैकी कोणी वाटेकरी होणार आहे का, ते आधी लिहून द्या.

आणखी एक गंमत सांगते. ब्रह्मचर्याणुव्रताच्या अतिचारांत पहिला कुठला, आठवतो? परविवाहकरण. आपल्या स्वतःच्या मुलाबाळांपलीकडे दुसऱ्यांची लग्नं जमवत बसणं. आपल्या ग्रुपवर रोज बायोडेटे फिरतात, तिथंच आपण नापास आहोत. आता हॅमस्टरची स्थळंही बघायला लागलो तर माताजींसमोर कुठल्या तोंडानं बसायचं?

'जीव यायचाय तर येऊ द्या' म्हणणाऱ्या अक्कांना माझं हात जोडून सांगणं आहे. अक्का, जीव आपल्या आयुकर्मानं जिथं जायचा तिथं जातो. माझ्या टेबलावरच्या पिंजऱ्यावाचून त्याचं अडून राहिलेलं नाही. मी दार लावलं म्हणून कोणी बाहेर ताटकळत उभं नाही. आणि तो येणार कुठल्या गतीत? छहढाल्याच्या पहिल्या ढाळीत तिर्यंचांची दुःखं आहेत, ती आपण सुरात म्हणतो, डोळे पुसतो. म्हणून झाल्यावर लगेच एका जीवाला त्याच गतीत यायचं आवतण द्यायचं, त्यातही जिथं उजेडात डोळे दुखतात आणि पोरं शेपटी ओढतात अशा पिंजऱ्यात, आणि वर त्याला जीवदया म्हणायचं!

पण हे सगळं न आलेल्या जीवाबद्दल आहे, ते नीट लक्षात घ्या. तुमच्यापैकी कोणाकडे मादी आधीच गाभण असेल, दुकानातूनच तशी आली असेल, तर माझं लिहिणं तिच्यासाठी नाही. तिच्या पोटात आलेल्या जीवांना काही करायला जाऊ नका. पिंजरा शांत, अंधाऱ्या जागी ठेवा, खाणं-पाणी वाढवा, मऊ कागद द्या, आणि व्याल्यावर दोन आठवडे घरट्याला बोट लावू नका, पोरांना फोटो काढू देऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नर-मादी वेगळे करा. आणि पुन्हा एकत्र करू नका.

आपला समाज जीवावर प्रेम करत नाही असं मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये नांदणीच्या महादेवी हत्तिणीसाठी आपल्या भागातली माणसं कोल्हापूरपर्यंत चालत गेली, बायका-मुलं धरून. घराघरांत चूल पेटवावीशी वाटली नव्हती. हत्तीतला आत्मा आणि मुंगीतला आत्मा सारखाच, देहाप्रमाणे पसरतो आणि आकसतो, हे आपणच जगाला सांगतो. मग सव्वाशे ग्रॅमच्या जीवाची वेळ आली की तो खेळणं कसा होतो? हत्तिणीच्या पायाच्या जखमेवर आपण तावातावानं बोललो. सुंठीच्या पोटाला चीर पडेल म्हटल्यावर वहिनी म्हणाल्या, "एवढ्याशा प्राण्याचं काय घेऊन बसलात!"

एक गोष्ट लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं. लिहिते.

गेल्या रविवारी स्वाध्याय संपल्यावर हाच विषय निघाला आणि एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "म्हणजे वांझच मरायची बिचारी." सहज म्हणाल्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण त्यांच्या डाव्या हाताला आपल्यातलीच एक जण बसली होती, लग्नाला अकरा वर्षं झालेली. तिनं जपमाळ पिशवीत ठेवली, पिशवीची दोरी ओढली, आणि चपला घालून निघून गेली. कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, आणि त्याचाच राग आता इथं काढते आहे. तिर्यंचाच्या तोंडी आपण जे घालतो ना, 'तिलाही वाटत असेल', 'तिचा जन्म अपुरा राहील', ते हॅमस्टरला काही वाटत नाही. ती रात्री चाकावर पळते, बिया लपवते, झोपते. तिला कोणी वांझ म्हटलेलं कळत नाही. ते ऐकणारी दुसरीच कोणीतरी असते.

घरात मात्र एकच माणूस होतं ज्याच्यासमोर माझे सगळे मुद्दे गळून पडले, ती मनू. तिला मातृत्वाशी घेणं नव्हतं. ती एका रात्री येऊन म्हणाली, "आई, सुंठी लवकर मरणार ना? मग तिची एक मुलगी तरी ठेवूया. सुंठीसारखीच दिसणारी." तिला वयाचा आकडा तिच्या मैत्रिणीनं सांगितला होता, मी सांगायचं टाळत होते. रोज अनित्य भावना म्हणणारी मी, पोरीला साधं सांगू शकले नव्हते की या प्राण्याचं आयुष्य एवढंच असतं.

वहिनी म्हणाल्या, "बघा, लेकरासाठी तरी करा." मी थांबले, खरंच थांबले. पण विचार केला तर त्या पोरीला काय हवं होतं? सुंठी हवी होती. आणि सुंठीच जाण्याची सगळ्यात मोठी शक्यता आपण जो उपाय सांगत होतो त्यातच होती. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि डॉक्टर बाईंनी सांगितलेलं सगळं, पिल्लं अडकण्यापासून खाण्यापर्यंत, न लपवता सांगितलं. दहा वर्षांच्या पोरीला असलं सांगतात का, असं सासूबाई नंतर म्हणाल्या. मला वाटतं सांगावं. ती खूप रडली. मग विचारलं, "आणि नाही केलं तर ती किती दिवस?" मी म्हटलं, माहीत नाही, पण जेवढे आहेत तेवढे तिचे स्वतःचे. मग तिनं विचारलं, सुंठी मेल्यावर दुसरी आणायची का? मी नाही म्हटलं. त्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि हे भांडण अजून मिटलेलं नाही.

हे सगळ्यात गप्प होते. त्यांनी एवढंच केलं, की पिंजऱ्यातला वरचा मजला काढून टाकला, म्हातारपणी चढताना पडायला नको म्हणून, आणि पाण्याची बाटली बोटभर खाली बांधली. ग्रुपवरच्या शंभर संदेशांपेक्षा मला ते बरं वाटलं. म्हाताऱ्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा आजार होतो, तेव्हा खालून काही ओलं, वास येणारं दिसतंय का, पोट फुगलंय का, दात वाढलेत का, हे बघत जा, असं डॉक्टर बाईंनी सांगितलं आहे. ज्यांच्याकडे दीड वर्षापुढची मादी आहे त्यांनी हे लिहून घ्या. तिच्यासाठी काही करायचंच असेल तर एवढं करा.

वहिनींना मी फोन करून स्थळ नाकारलं. त्या थोड्या फुगल्या आहेत. नर सुखरूप आहे.

आता दर रविवारी देवळातून आल्यावर मनू सुंठीला वजनकाट्यावर ठेवते, त्यासाठी वेगळा काटा आणलाय, मिठाई मोजायचा नव्हे, घाबरू नका. वहीत तारीख घालून लिहिते. काल १२४ ग्रॅम भरलं, मागच्या रविवारपेक्षा दोननं कमी. माझ्याकडे न बघता तिनं भोपळ्याच्या दोन बिया जास्त टाकल्या. सकाळी बघितलं तर सुंठी त्या गालात तशाच ठेवून झोपली होती, एक गाल फुगलेला.

भाज्यांचा दुसरा भाग पुढच्या आठवड्यात नक्की.